पूरव राजा आणि दिविज शरण

पूरव राजा आणि दिविज शरण हे भारतीय व्यावसायिक टेनिसपटू आहेत. पुरुष दुहेरीत त्यांनी अनेक वर्षे एकत्र खेळ केला. उजव्या हाताने खेळणारे राजा यांचा जन्म ७ डिसेंबर १९८५ रोजी मुंबई येथे, तर डावखुरे शरण यांचा जन्म २ मार्च १९८६ रोजी नवी दिल्ली येथे झाला. या जोडीने एटीपी दौऱ्यावर दोन विजेतेपदे मिळवली. पहिले २०१३ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे आणि दुसरे २०१६ मध्ये मेक्सिकोतील लॉस काबोस येथे. दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत राजा यांचे सर्वोच्च स्थान ५२ वे (जुलै २०१७), तर शरण यांचे ३६ वे (सप्टेंबर २०१८) राहिले.

लिअँडर पेस, महेश भूपती आणि रोहन बोपण्णा यांच्या ग्रँडस्लॅम विजेतेपदांमुळे भारतीय टेनिस दुहेरीसाठी जगभर ओळखले जाते. राजा आणि शरण यांची कारकीर्द त्यांच्या खालच्या स्तरावरची आहे. पुरुष दुहेरीत साधारण चाळिसाव्या ते शंभराव्या क्रमांकांदरम्यान असलेल्या खेळाडूचे व्यावसायिक जीवन कसे चालते, हे या कारकिर्दीवरून स्पष्टपणे समजते. दुहेरीत सामना दोघे मिळून खेळतात, गुण मात्र प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र जमा होतात आणि स्पर्धेतील प्रवेश दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. त्यामुळे जोडी यशस्वी असूनही ती टिकेलच अशी खात्री या स्तरावर नसते.

दुहेरी विशेषज्ञ

जे खेळाडू एकेरी जवळजवळ सोडून देऊन केवळ दुहेरीच्या स्पर्धा खेळतात, त्यांना दुहेरी विशेषज्ञ म्हणतात. बहुतेक जण सुरुवातीला दोन्ही प्रकार खेळतात. एकेरीत पहिल्या शंभर-दीडशे खेळाडूंत स्थान मिळत नाही असे दिसू लागल्यावर, सर्व्हिस, नेटजवळचा खेळ आणि सर्व्हिसचा परतावा या कौशल्यांच्या बळावर ते दुहेरीकडे वळतात. एकेरीत लागणारे लांबलचक फटक्यांचे द्वंद्व दुहेरीत क्वचितच घडते. बहुतेक गुण पहिल्या चार-पाच फटक्यांतच निकाली निघतात. म्हणूनच दुहेरीतील कारकीर्द वयाच्या पस्तिशीपर्यंत आणि त्यापुढेही चालू शकते. बोपण्णा यांनी जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळवले, ते याचे ठळक उदाहरण होय.

उजव्या आणि डाव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूंची जोडी दुहेरीत उपयुक्त मानली जाते. दोन वेगळ्या दिशांनी वळणाऱ्या सर्व्हिसमुळे प्रतिस्पर्ध्याला एका लयीत परतावा करता येत नाही. मोकळ्या मैदानावर ऊन किंवा वारा त्रासदायक असेल, तर कोणत्या बाजूने कोणी सर्व्हिस करावी याचीही सोय लावता येते. राजा आणि शरण यांच्या जोडीला हा लाभ होता.

क्रमवारी आणि प्रवेशाची पद्धत

एटीपीची क्रमवारी मागील ५२ आठवड्यांच्या निकालांवर आधारलेली असते. स्पर्धेत मिळालेले गुण एक वर्ष खात्यावर राहतात आणि पुढील वर्षी त्याच सुमारास वजा होतात. ते टिकवायचे असल्यास खेळाडूला त्या आठवड्यात किंवा अन्यत्र तेवढीच कामगिरी पुन्हा करावी लागते. ही जोडी ज्या काळात खेळत होती, त्या काळात दुहेरीतील गुणांची वाटणी ढोबळमानाने पुढीलप्रमाणे होती :

ग्रँडस्लॅम स्पर्धा : विजेत्यास २०००, उपविजेत्यास १२००, उपांत्य फेरीस ७२०, उपांत्यपूर्व फेरीस ३६० आणि तिसऱ्या फेरीस १८० गुण.

एटीपी २५० दर्जाची स्पर्धा : विजेत्यास २५०, उपविजेत्यास १५०, उपांत्य फेरीस ९० आणि उपांत्यपूर्व फेरीस ४५ गुण, पहिल्याच फेरीत पराभव झाल्यास शून्य.

चॅलेंजर स्पर्धा : विजेत्यास स्पर्धेच्या दर्जानुसार साधारण ८० ते १२५ गुण.

या आकड्यांवरून खालच्या क्रमांकाच्या खेळाडूसमोरचा पेच समजतो. एटीपी २५० दर्जाच्या स्पर्धेत बहुधा सोळाच जोड्या असतात. तेथे प्रवेश मिळाला आणि पहिला सामना गमावला, तर प्रवासाचा आठवडा गुणांविना संपतो. चॅलेंजर स्पर्धेत तुलनेने सोपे प्रतिस्पर्धी मिळतात, परंतु तेथील दोन-तीन विजेतेपदांचे गुण मिळून एटीपी २५० च्या एका विजेतेपदाइतके होतात. दर आठवड्याला यांपैकी कोणती वाट धरायची, हा निर्णय घ्यावा लागतो आणि तो दोघांना मिळून घ्यावा लागतो.

स्पर्धेतील प्रवेश दोन्ही खेळाडूंच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. साठाव्या आणि पासष्टाव्या क्रमांकाचे खेळाडू एकत्र आले तर त्यांची बेरीज १२५ होते. त्या आठवड्यात याहून कमी बेरीज असलेल्या जोड्यांनी सर्व जागा भरल्या, तर या जोडीला बाहेर थांबावे लागते. अनेक एटीपी स्पर्धांत काही जागा स्पर्धास्थळी ऐनवेळी नोंदणी करणाऱ्या जोड्यांसाठी राखलेल्या असतात. खेळायला मिळेल की नाही हे ठाऊक नसतानाही खेळाडूंना तेथवर प्रवास करावा लागतो, तो यामुळे. शिवाय प्रवेशासाठी एकेरीचा क्रमांकही वापरता येतो. एकेरीतील तिसाव्या क्रमांकाचा खेळाडू दुहेरीत कधीमधीच खेळत असला, तरी नोंदणीच्या यादीत तो विशेषज्ञाच्या पुढे जाऊ शकतो.

या व्यवस्थेचा एक परिणाम जोड्यांच्या स्थैर्यावर होतो. जोडीदारांपैकी एकाचा क्रमांक घसरला की दुसऱ्याचीही मोठ्या स्पर्धांतील वाट अडते. वर चढलेल्या खेळाडूला अधिक चांगल्या क्रमांकाचा जोडीदार मिळाल्यास तो वरच्या दर्जाच्या स्पर्धा खेळू शकतो. त्यामुळे जोडी मोडण्यामागे बेबनाव असतोच असे नाही. पुष्कळदा ते केवळ बेरजेचे गणित असते.

नियमांतील बदल

हे दोघे व्यावसायिक टेनिसमध्ये स्थिरावत असतानाच दुहेरीच्या स्वरूपात मोठा बदल झाला. सामने लवकर संपावेत आणि एकेरीतील नामवंत खेळाडूंनी दुहेरीकडे वळावे, या हेतूने एटीपीने २००५ मध्ये नव्या नियमांचा प्रस्ताव मांडला. आपला व्यवसायच धोक्यात येईल या भीतीने अमेरिकेच्या ब्रायन बंधूंसह अनेक दुहेरी विशेषज्ञांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एटीपीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. पुढे तडजोड झाली आणि २००६ पासून एटीपी दौऱ्यावर आजची पद्धत रूढ झाली. तीनुसार ड्यूसनंतर अॅडव्हान्टेज न खेळता एकाच निर्णायक गुणावर गेम संपतो आणि तो गुण कोणत्या बाजूने खेळायचा हे परतावा करणारी जोडी ठरवते. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर खेळला जातो. ग्रँडस्लॅम स्पर्धांनी आपले नियम वेगळे ठेवले. विंबल्डनमध्ये तर २०२२ पर्यंत पुरुष दुहेरीचे सामने पाच सेटचे होते.

छोट्या स्वरूपामुळे निकालांतील अनिश्चितता वाढली. बलाढ्य जोडीला चुका भरून काढायला कमी वेळ मिळतो, म्हणून खालच्या क्रमांकाच्या जोडीला मोठा विजय मिळवण्याची संधी वाढते. मात्र हीच जोडी पुढील आठवड्यात दुबळ्या प्रतिस्पर्ध्याकडून तितक्याच सहज पराभूत होऊ शकते. शरण यांच्या पाच एटीपी विजेतेपदांपैकी दोन अंतिम सामने दहा गुणांच्या टायब्रेकरवर निकाली निघाले. २०१७ मधील अँटवर्पचा टायब्रेकर त्यांच्या जोडीने १०–५ असा, तर २०१९ मधील सेंट पीटर्सबर्गचा १०–८ असा जिंकला.

बोगोटा, २०१३

बोगोटा येथील एटीपी २५० दर्जाची स्पर्धा जुलै २०१३ मध्ये प्रथमच भरवण्यात आली. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू अधिक वेगाने जातो आणि त्यावर नियंत्रण ठेवणे अवघड होते. अशा ठिकाणी चांगल्या सर्व्हिसचे मोल वाढते आणि क्रमवारीतील अंतराला तितकेसे महत्त्व उरत नाही. राजा आणि शरण यांनी अंतिम सामन्यात फ्रान्सचा एदुआर रॉजर-व्हॅसलिन आणि नेदरलँड्सचा इगोर सिसलिंग यांचा पराभव करून आपले पहिले एटीपी विजेतेपद पटकावले.

या एका आठवड्याने प्रत्येकाच्या खात्यात २५० गुण जमा झाले. चॅलेंजर स्पर्धांवर भिस्त असलेल्या खेळाडूसाठी ही अनेक महिन्यांची कमाई होय. परंतु क्रमवारीच्या नियमानुसार हे गुण जुलै २०१४ मध्ये वजा होणारच होते. विजेतेपदानंतरचे वर्ष वरच्या दर्जाच्या स्पर्धांत प्रवेश मिळवून देते आणि त्याच वर्षात त्या दर्जावर टिकून राहण्याइतके नवे गुण मिळवावे लागतात. पुढील काळात दोघेही इतर जोडीदारांसोबतही खेळले. शरण यांनी २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत युकी भांबरी यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे कांस्यपदक जिंकले.

लॉस काबोस, २०१६

बोगोटा येथील स्पर्धा २०१५ नंतर बंद झाली आणि २०१६ मध्ये एटीपीच्या वेळापत्रकातील तिची जागा लॉस काबोसच्या नव्या स्पर्धेने घेतली. पुन्हा एकत्र आलेल्या राजा–शरण जोडीने तेथील पहिल्याच वर्षी इस्रायलचा जोनाथन एर्लिच आणि ब्रिटनचा केन स्कुप्स्की यांना अंतिम सामन्यात नमवले. अशा प्रकारे एकाच वेळापत्रकीय वारशातील दोन स्पर्धांच्या पहिल्या आवृत्त्या या जोडीने जिंकल्या. दोन्ही वेळी एकेरीचा विजेता क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच हाच होता.

लॉस काबोसची स्पर्धा ऑगस्टमध्ये, रिओ ऑलिंपिकच्याच आठवड्यात झाली. जगातील अनेक आघाडीचे खेळाडू त्या वेळी रिओमध्ये होते. मोठी स्पर्धा अन्यत्र चालू असताना कोणत्या ठिकाणी प्रवेशाची बेरीज वाढू शकते आणि कोठे विरोधी फळी तुलनेने कमकुवत असेल, याचा अंदाज बांधणे हा या स्तरावरील व्यवसायाचाच भाग आहे.

२०१७ : शिखर आणि फारकत

जानेवारी २०१७ मध्ये ही जोडी चेन्नई ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. तेथे रोहन बोपण्णा आणि जीवन नेदुनचेझियन यांनी त्यांना ६–३, ६–४ असे हरवले. अंतिम सामन्यातील चारही खेळाडू भारतीय असल्याने ही लढत विशेष गाजली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये राजा आणि शरण यांनी तिसरी फेरी गाठली. जुलैमध्ये राजा ५२ व्या क्रमांकावर पोहोचले. त्यांच्या कारकिर्दीतील हे सर्वोच्च स्थान ठरले.

जोडी सर्वांत चांगल्या स्थितीत असतानाच, २०१७ च्या उत्तरार्धात, दोघांचे मार्ग वेगळे झाले. शरण यांनी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या स्कॉट लिप्स्कीसह बेल्जियममधील अँटवर्प येथे सँटियागो गोन्झालेझ आणि हुलिओ पेराल्टा यांना नमवून तिसरे एटीपी विजेतेपद मिळवले. राजा यांनी लिअँडर पेस यांच्याशी जोडी जमवली आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील नॉक्सव्हिल येथील चॅलेंजर स्पर्धा जिंकली. जानेवारी २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पेस आणि राजा यांनी पाचव्या मानांकित जेमी मरे आणि ब्रुनो सोआरेस यांना दुसऱ्या फेरीत पराभूत करून खळबळ उडवली. तिसऱ्या फेरीत मात्र कोलंबियाच्या हुआन सेबास्तियन काबाल आणि रॉबर्ट फाराह यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही.

शरण यांची पुढील वाटचाल

शरण यांना २०१८ मध्ये ग्रँडस्लॅममधील सर्वांत मोठे यश मिळाले. न्यूझीलंडच्या आर्टेम सिटाकसह त्यांनी विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे त्यांना माइक ब्रायन आणि जॅक सॉक यांनी हरवले आणि पुढे याच जोडीने विजेतेपद मिळवले. विंबल्डनमधील तीन विजयांनी शरण यांना ३६० गुण मिळाले. एटीपी २५० दर्जाची स्पर्धा जिंकण्यासाठी चार सामने जिंकावे लागतात आणि तरीही त्याहून कमी गुण मिळतात. ग्रँडस्लॅममध्ये प्रवेश मिळवून देणाऱ्या बेरजेसाठी खेळाडू एवढे झटतात, त्याचे कारण या फरकात आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शरण ३६ व्या स्थानावर पोहोचले.

ऑगस्ट २०१८ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत शरण आणि बोपण्णा यांनी पालेमबँग येथे कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिक आणि डेनिस येवसेयेव यांना ६–३, ६–४ असे हरवून पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले.

चेन्नईतील स्पर्धा २०१८ पासून महाराष्ट्र ओपन या नावाने पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात भरू लागली. जानेवारी २०१९ मध्ये बोपण्णा आणि शरण यांनी तेथे ब्रिटनच्या ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा यांना ६–३, ६–४ असे नमवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शरण यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे पाचवे विजेतेपद जिंकले. या वेळी त्यांचा जोडीदार स्लोव्हाकियाचा इगोर झेलेनाय होता आणि अंतिम सामन्यातील पराभूत जोडी इटलीच्या मात्तेओ बेरेत्तिनी आणि सिमोने बोलेल्ली यांची होती. शरण यांची पाच विजेतेपदे चार वेगवेगळ्या जोडीदारांसह आली, तर राजा यांची दोन्ही एटीपी विजेतेपदे शरण यांच्यासह आली. २०२० मध्ये शरण यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

राजा यांची पुढील वाटचाल

२०१८ नंतर राजा यांची कारकीर्द प्रामुख्याने चॅलेंजर स्पर्धांभोवती फिरत राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी रामकुमार रामनाथन यांच्यासह पुण्यातील चॅलेंजर स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. बालेवाडीच्या ज्या संकुलात जानेवारीत शरण यांनी एटीपी विजेतेपद जिंकले होते, तेथेच वर्षाच्या अखेरीस राजा यांनी त्याखालच्या दर्जाची स्पर्धा जिंकली. दोन्ही स्पर्धांत चेंडू, मैदान आणि खेळाचे नियम सारखेच होते. फरक होता तो गुणांचा आणि बक्षिसाच्या रकमेचा.

देशासाठी निवड

डेव्हिस चषकात परंपरेने दुहेरीचा एकच सामना असे, त्यामुळे दुहेरीत उत्तम जोड्या असलेल्या भारतीय संघात विशेषज्ञांना स्थान मिळणे कठीण होते. राजा यांना संधी मिळाली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये, दक्षिण कोरियाविरुद्ध दिल्लीत. राष्ट्रीय संघटनेशी झालेल्या मतभेदांमुळे अनेक प्रमुख खेळाडू त्या लढतीपासून दूर राहिले होते. राजा यांनी पेस यांच्यासह दुहेरीचा सामना जिंकला, मात्र भारताने लढत १–४ अशी गमावली. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे ते बोपण्णा यांच्यासह खेळले. तेथे डॅनियल नेस्टर आणि वासेक पॉस्पिसिल यांनी त्यांना चार सेटमध्ये हरवले.

टोकियो ऑलिंपिकच्या वेळी बेरजेचे गणित भारताच्याही आड आले. भारताकडून बोपण्णा आणि शरण यांची जोडी नोंदवण्यात आली होती. त्यांचे क्रमांक अनुक्रमे ३८ आणि ७५ असल्याने बेरीज ११३ झाली. प्रवेशासाठी ती पुरेशी ठरली नाही आणि आशियाई सुवर्णपदक विजेत्या या जोडीला ऑलिंपिकमध्ये खेळता आले नाही.

आर्थिक बाजू

व्यावसायिक टेनिसमधील बक्षिसाच्या रकमेचा मोठा वाटा एकेरीला जातो. दुहेरीसाठी ठेवलेली रक्कम कमी असते आणि ती दोन खेळाडूंत विभागली जाते. खर्च मात्र विभागला जात नाही. विमानप्रवास, व्हिसा, रॅकेटला तारा बसवणे, व्यायाम आणि उपचार यांचा खर्च प्रत्येकाला स्वतः करावा लागतो. म्हणून अनेक जोड्या एकच प्रशिक्षक ठेवतात किंवा प्रशिक्षकाविनाच प्रवास करतात. दक्षिण आशियातील खेळाडूंना वर्षातील बहुतांश स्पर्धांसाठी युरोप किंवा अमेरिकेत जावे लागते. पुण्यातील एटीपी स्पर्धा हा त्याला असलेला एक मोठा अपवाद होता. २०२३ मधील आवृत्तीनंतर तीही थांबली आणि वेळापत्रकातील तो आठवडा हाँगकाँगकडे गेला. मायदेशातील स्पर्धेत स्थानिक जोड्यांना वाइल्ड कार्ड मिळू शकते. त्यामुळे ही स्पर्धा बंद होण्याचा फटका क्रमवारीत खाली असलेल्या भारतीय खेळाडूंना अधिक बसला.

मूल्यमापन

राजा आणि शरण यांच्या नावावर एकही ग्रँडस्लॅम विजेतेपद नाही. तरीही दोघांनी दशकाहून अधिक काळ जगातील पहिल्या शंभर दुहेरी खेळाडूंच्या आसपास राहून आपला व्यवसाय चालवला आणि भारताची दुहेरीतील परंपरा पेस-भूपती यांच्या पिढीनंतर केवळ बोपण्णा यांच्यावर अवलंबून राहू दिली नाही. एकत्र खेळताना त्यांनी एटीपीचे तीन अंतिम सामने खेळले आणि त्यांपैकी दोन जिंकले. फारकतीनंतर राजा यांना पुढचे एटीपी विजेतेपद मिळाले नाही, तर शरण यांना आणखी तीन मिळाली. दोघांच्या खात्यांतील हा फरक कौशल्याबरोबरच जोडीदाराची उपलब्धता, प्रवेशाची बेरीज आणि काही निर्णायक गुण यांनीही घडवला आहे. दुहेरीच्या क्रमवारीत प्रत्येक खेळाडूचे नाव स्वतंत्र छापले जात असले, तरी त्यापुढील आकडा त्याने एकट्याने मिळवलेला नसतो.